ब्रेक लावताना होणारे कंपन

ब्रेक लावताना होणारे कंपन हा मोटारगाडीतील एक दोष आहे. स्टिअरिंग थरथरल्यास तो बहुधा पुढील, तर आसन थरथरल्यास मागील ब्रेकमध्ये असतो. डिस्कची असमान जाडी, हबवरील गंज आणि चाकाचे नट कमीअधिक आवळणे ही त्याची प्रमुख कारणे होत. पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवरही गंज चढतो. ब्रेक न लावताही गाडी थरथरत असल्यास आधी चाकांचे संतुलन तपासावे. उपाय म्हणून हब स्वच्छ करून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळतात. डिस्क किमान जाडीपेक्षा झिजली असल्यास दोन्ही बाजूंच्या डिस्क व पॅड बदलतात. चंद्रपूर–मूल मार्गासारख्या जंगलातील रस्त्यांवर वन्यप्राणी अचानक आडवे येत असल्याने दुरुस्ती लांबणीवर टाकणे धोक्याचे ठरते.