अंटार्क्टिकाची बॅग भरताना

अंटार्क्टिकाला जायचं म्हटलं की माणूस आधी जाडजूड स्वेटर शोधतो. वास्तविक अर्जेंटिनातल्या उशुआयाहून सुटणारी पर्यटक जहाजं अंटार्क्टिक द्वीपकल्पावर जातात ती तिथल्या उन्हाळ्यात, आणि डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा शून्याच्या आसपास रेंगाळत असतो. लेहच्या हिवाळ्यात याहून कडक थंडी पडते.

छळतात ते ओल आणि वारा. जहाजावरून किनाऱ्याला न्यायला हवा भरलेली रबरी बोट असते. तीत बसलं की तुषार अंगावर येतात आणि उतरताना पाय थेट पाण्यात पडतो. हवेपेक्षा पाण्याची उष्णतावाहकता सुमारे 25 पट जास्त. सुती बनियन घाम पिऊन अंगाला चिकटतो आणि शरीराची ऊब त्या ओलीतून निसटत राहते. म्हणून सुती कपडे, आणि जीन्स तर नक्कीच, बोटीत बसताना अंगावर नकोत. अंगालगत मेरिनो लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट व पँट. ही पँट गमबुटाच्या बाहेरून सोडायची, नाहीतर पाणी बुटात शिरतं. ऊब टिकवते ती थरांमध्ये अडकलेली हवा. त्यामुळे तीन-तीन मोजे कोंबून बूट घट्ट केलात तर पाय उलट जास्तच गारठतील. बरीच जहाजं गमबूट वापरायला देतात, काही जॅकेटही देतात, खरेदीआधी विचारा. कॅमेऱ्याची जादा बॅटरी मात्र आतल्या खिशात हवी, कारण थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते.

एवढी तयारी सगळेच करतात. विसरतात ती साफसफाई. 2007-08 च्या हंगामात शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाला निघालेल्यांचे कपडे आणि बॅगा तपासल्या, तेव्हा ज्यांच्याकडे बिया सापडल्या त्यांच्याजवळ माणशी सरासरी साडेनऊ निघाल्या. अशा परक्या बिया तिथे रुजण्याची भीती कागदावरची नाही. पोलंडच्या तिथल्या आर्क्टोव्स्की तळाजवळ ‘पोआ ॲन्युआ’ हे परकं गवत ऐंशीच्या दशकातच उगवलं आणि पुढे पसरलं. त्यात आता बर्ड फ्लूची भर पडली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याचा विषाणू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही आढळला. त्यामुळे किनाऱ्यावर बसायला, गुडघे टेकायला, बॅग खाली ठेवायलाही मनाई असते.

जहाजावर व्हॅक्यूम क्लीनरने खिसे साफ करून घेतात हे खरं, पण त्या भरवशावर राहू नका. थंड प्रदेशातलं बी तिथे तगण्याची शक्यता जास्त. लडाख-हिमाचलच्या ट्रेकला वापरलेलं जॅकेट नेणार असाल, तर खिसे उलटे करून झटका आणि वेल्क्रोतली कुसळं चिमट्याने घरीच उपसून काढा.