नोकरी सांभाळून पदवी: आधी मान्यता, मग तासांचा हिशेब

बढतीसाठी पदवी हवी, पण कॉलेजात जाऊन बसायला वेळ नाही, ही अडचण जुनी आहे. तिच्यावरचा उपायही तसा जुनाच. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, स्थापन झालं आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्या परंपरेत आता ऑनलाइन पदवीची भर पडली आहे. घरी बसून पदवी घेता येते हे खरं. पण तिला लागणारे तास वर्गातल्या पदवीपेक्षा कमी नसतात. ते कुठून काढायचे, हे प्रवेशाआधीच ठरवायला हवं.

दूरस्थ की ऑनलाइन?

हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण पद्धती वेगळ्या आहेत. दूरस्थ शिक्षणात विद्यापीठ स्वयं-अध्ययनाची पुस्तकं देतं. जवळच्या अभ्यासकेंद्रावर, बहुधा एखाद्या कॉलेजातच, सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं होतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. ऑनलाइन पदवीत व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंचाचण्या हे सगळं विद्यापीठाच्या पोर्टलवर असतं. परीक्षा देखरेखीखालीच होते. काही ठिकाणी केंद्रावर, काही ठिकाणी घरी, कॅमेऱ्यासमोर.

तुमचा पत्ता इथे महत्त्वाचा ठरतो. राज्य विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या कार्यक्षेत्रातच चालवता येतो. इग्नूला देशभर मुभा आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमाला ही हद्द नाही. म्हणून पणजीत राहणाऱ्याला इग्नूचं तिथलं प्रादेशिक केंद्र सोयीचं पडेल, तर सतत बदली होणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला ऑनलाइन अभ्यासक्रम. ज्याला समोर शिक्षक असल्याशिवाय अभ्यासाला बसवत नाही, त्याने घराजवळ अभ्यासकेंद्र असलेली दूरस्थ पदवीच घ्यावी.

मान्यता कशी पाहायची?

'ही डिग्री चालते का?' हा पहिला प्रश्न असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानली जाते. मात्र नुसतं विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही. त्या विद्यापीठाला तो अभ्यासक्रम, त्या पद्धतीने, त्या सत्रात चालवण्याची मुभा असली पाहिजे. ही यादी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर असते. जाहिरातीतला लोगो बाजूला ठेवून ती यादी स्वतः उघडावी.

काही विषय या मार्गाने शिकवताच येत नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र, कायदा यांची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन मिळत नाही. २०२५ मध्ये मानसशास्त्र, पोषणशास्त्र यांसारखे आरोग्याशी जोडलेले विषयही या मनाईच्या यादीत गेले. बीए, बीकॉम, बीबीए, बीसीए हे नेहमीचे पर्याय खुले आहेत.

फ्रँचायझीला आयोगाची मनाई आहे. त्यामुळे 'आमच्या सेंटरमधून अॅडमिशन घ्या, पेपर आम्ही बघून घेऊ' असं सांगणारा एजंट दिसला, की तिथून निघावं. तीन वर्षांची पदवी एका वर्षात देतो म्हणणाराही त्याच माळेचा मणी. फी थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर भरावी आणि पावती आपल्याच नावाची असल्याची खात्री करावी.

प्रवेशाची तयारी

बारावीच झाली नसेल, तर आधी ती पूर्ण करावी. महाराष्ट्रात राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून परीक्षा देता येते.

त्यानंतर दोन क्रमांक काढायचे. पहिला एबीसी आयडी, म्हणजे शैक्षणिक श्रेयांकांचं खातं. तो डिजिलॉकरमधून मिळतो. त्याच्या आधारे डीईबीच्या संकेतस्थळावर दुसरा, डीईबी आयडी, तयार होतो. २०२४ च्या दुसऱ्या प्रवेशसत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी हा आयडी सक्तीचा आहे. आधार कार्ड आणि मार्कशीट यांवरचं नाव जुळत नसेल, तर गाडी इथेच अडते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना हा अनुभव हमखास येतो. म्हणून प्रवेशाची तारीख जाहीर होण्याआधीच नावाची दुरुस्ती किंवा राजपत्रातली नोंद उरकून घ्यावी.

सत्र कसं चालतं?

इग्नूत प्रवेशाची दोन सत्रं असतात, जानेवारी आणि जुलै. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. साधारण ३० टक्के गुण स्वाध्यायांना किंवा अंतर्गत मूल्यमापनाला आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला, अशी विभागणी असते. इग्नूत दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. नोकरदारांची गफलत स्वाध्यायांपाशी होते. परीक्षेच्या तोंडावर एकदम पाच विषयांचे स्वाध्याय लिहायला बसलं, की मार्क जातात आणि परीक्षेची तयारीही बुडते. उलट दर विषयाचा स्वाध्याय त्याचं पुस्तक वाचता वाचताच लिहिला, तर परीक्षेची पहिली उजळणी आपोआप होते.

ऑनलाइन अभ्यासक्रमात पोर्टलवरचा सहभागही नोंदवला जातो आणि तो पुरेसा नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. व्हिडिओ साठवून ठेवून शेवटच्या आठवड्यात पाहण्याची युक्ती तिथे चालत नाही.

तासांचा हिशेब

मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. यात वाचन, व्हिडिओ, स्वाध्याय, संपर्क सत्रं सगळं आलं. तीन वर्षांच्या पदवीला आयोगाच्या नव्या चौकटीत किमान १२० श्रेयांक लागतात. म्हणजे ३,६०० तास. वर्षाला १,२०० आणि आठवड्याला सुमारे २३. रोज दोन तासांप्रमाणे कामाच्या पाच दिवसांत दहा तास निघतात. उरलेले तेरा शनिवार-रविवारच्या वाट्याला येतात. सहा दिवसांचा आठवडा आणि लोकलचा प्रवास असणाऱ्याला हे अशक्य वाटेल, आणि अनेकांसाठी ते तसंच असतं.

यावर तोडगा नियमातच आहे. इग्नूत तीन वर्षांची पदवी पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. सहा वर्षं धरली, तर हाच हिशेब आठवड्याला साडेअकरा तासांवर येतो. नोंदणी केली म्हणून सगळे पेपर त्याच परीक्षेत दिलेच पाहिजेत असं नाही. निम्मे आता, निम्मे पुढच्या खेपेला, असं आधीच ठरवणारा विद्यार्थी नापास होऊन तेच करणाऱ्यापेक्षा कितीतरी कमी थकतो. बाकी राहिलेल्या पेपरसाठी परीक्षा शुल्क आणि मुदतीच्या तारखा मात्र वहीत लिहून ठेवाव्यात.

ऑफिसलाही आधीच कल्पना द्यावी. परीक्षेच्या वेळापत्रकाची प्रत जोडून रजेचा अर्ज वेळेवर दिला, तर ऐनवेळची ओढाताण टळते. सरकारी कर्मचाऱ्याने शिक्षणासाठी कार्यालयाची परवानगी लागते का, ते आस्थापना विभागाला प्रवेशाआधीच विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. पुढे सेवापुस्तकात पदवीची नोंद करताना तोच कागद मागितला जातो.

मध्येच थांबावं लागलं तर

आजारपण, बदली, घरातलं कार्य, कारण काहीही असो, एखादं सत्र वाया जाण्याची शक्यता धरूनच चालावं. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक एबीसी खात्यात जमा राहतात आणि नियमाप्रमाणे जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य असतात. चार वर्षांच्या नव्या रचनेतल्या अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबण्याची सोयही असते. त्या त्या टप्प्याच्या अटी माहितीपुस्तिकेत पाहाव्यात.

प्रवेश घेण्याआधी एक चाचणी जरूर करावी. त्या विषयाचं एखादं पुस्तक इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्यावं आणि महिनाभर ठरलेल्या वेळी वाचावं. आठवड्याला दहा-बारा तास निघाले, तर सहा वर्षांचा बेत धरून निर्धास्त फॉर्म भरावा. तेवीस निघाले तर तीनचा. आणि पाचच निघत असतील, तर फी भरण्याआधी घरच्यांशी बसून कामांची वाटणी बदलावी, कारण हे तास शेवटी घरातूनच निघणार असतात.