पारपत्रातील लिंगनोंद
पारपत्रधारकाची ओळख पटविणारी एक अधिकृत नोंद. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती स्त्री, पुरुष वा अनिर्दिष्ट (एक्स) अशी असू शकते. पारलिंगी व्यक्तीचे रूप व ही नोंद यांत विसंगती असल्यास सीमेवर संशय, चौकशी व मानहानी संभवते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१० पर्यंत नोंद बदलण्यास सामान्यतः शस्त्रक्रियेचा पुरावा लागे. त्यानंतर वैद्यकीय प्रमाणपत्र पुरेसे ठरले. २०२१ मध्ये स्वयंघोषणा मान्य झाली आणि २०२२ मध्ये ‘एक्स’ पर्याय सर्वांस खुला झाला. तथापि या सवलतींचा आधार कायदा नसून परराष्ट्र विभागाचे धोरण हाच होता. त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने त्या संपुष्टात आल्या व जन्मकालीन लिंगाची नोंद सक्तीची झाली. कनिष्ठ न्यायालयाने या सक्तीस दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, दावा प्रलंबित असेतो, उठविली.