चढाईपटूचा कस परतीच्या वाटेवर

चेन्नईच्या जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियमवर २८ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रो कबड्डी लीगच्या पाचव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. पाटणा पायरेट्सने गुजरात फॉर्च्यून जायंट्सचा ५५-३८ असा पराभव करून सलग तिसरे विजेतेपद पटकावले. पाटण्याचा कर्णधार प्रदीप नरवाल याने चढायांमधून १९ गुण मिळवले. गुजरातचे दोन्ही कोपरे इराणचे फझल अत्राचली आणि अबोझर मिघानी सांभाळत होते. अशा भक्कम बचावापुढेही श्रेष्ठ चढाईपटू गुण घेऊन परततो, तो केवळ वेगाच्या बळावर नव्हे.

चढाईसाठी ३० सेकंदांचा अवधी असतो. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा त्यापुढे आणखी १ मीटरवर असते. चपळ खेळाडूला स्पर्श साधणे फारसे अवघड नसते. मात्र मध्यरेषा गाठल्याखेरीज त्या स्पर्शाचे गुणात रूपांतर होत नाही. पकड झाली तर चढाईपटू बाद होतो आणि सहकाऱ्यांनी प्रतिस्पर्ध्यांना बाद करून त्याला परत आणेपर्यंत बाहेर बसतो. संघाचा मुख्य चढाईपटू बाहेर बसला की लोण चढण्याचा धोका वाढतो.

येथेच सामान्य आणि श्रेष्ठ यांतील अंतर दिसते. बचावाची साखळी पुढे सरकताच सामान्य चढाईपटू घाईने वळतो. त्याची पाठ बचावपटूंकडे होते आणि घोटा किंवा मांडी त्यांच्या हाती सापडते. श्रेष्ठ चढाईपटू क्षणभर थांबतो. कोणता कोपरा पुढे आला, साखळीतील कोणाचा तोल गेला आणि मध्यरेषेकडे जाण्याची वाट कोठे मोकळी झाली, हे तो आधी हेरतो.

नरवालची प्रसिद्ध ‘डुबकी’ याच तत्त्वावर आधारलेली होती. साखळी अगदी जवळ येईपर्यंत तो मागे हटत नसे. ती अंगावर येताच कमरेत वाकून तो बचावपटूंच्या हातांखालून निसटत असे. आपल्याला घेरण्यासाठी पुढे आलेल्यांच्या हालचालीचाच तो उपयोग करून घेई.

लागोपाठ दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद ठरतो. त्या वेळी बचावपटू दबा धरून बसतात आणि चढाईपटूला घाई करण्यास भाग पाडतात. मनाचा संयम येथे पायांच्या वेगाइतकाच मोलाचा ठरतो.

त्या हंगामात नरवालने चढायांचे ३६९ गुण नोंदवले आणि २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा लीगमधील त्याच्या चढायांच्या गुणांची संख्या १८०१ होती. यातील प्रत्येक स्पर्शाचा गुण मोजला गेला, तो परतीची वाट पूर्ण झाल्यावरच.