दिल्लीचा पैसा शाळेपर्यंत कसा पोहोचतो?

1976च्या 42व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचीही ती जबाबदारी ठरली. शिक्षकांच्या पगारासह खर्चाचा मोठा भार आजही राज्येच उचलतात. केंद्राचा पैसा प्रामुख्याने 2018पासून सुरू असलेल्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतून येतो.

तिचे सूत्र सरळ आहे. महाराष्ट्र, गोव्यासारख्या राज्यांत केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 रुपये. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांत हेच प्रमाण 90:10. राज्य दरवर्षी आराखडा पाठवते, दिल्लीतले प्रकल्प मान्यता मंडळ त्याची छाननी करते आणि रक्कम हप्त्यांनी येते. आधीचा खर्च दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही.

या साखळीचे पहिले टोक मुख्याध्यापकांच्या हाती असते. शाळांची माहिती नोंदवणाऱ्या ‘यू-डायस’ प्रणालीवर त्यांनी भरलेली पटसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांवर आराखडा उभा राहतो. पट तिसापर्यंत असेल, तर शाळेचे संयुक्त अनुदान वर्षाला जेमतेम 10 हजार रुपये. खडू, वीजबिल, डागडुजी सारे त्यातच भागवायचे!

कधी ही साखळी मध्येच तुटते. केंद्राच्या आदर्श शाळांसाठीच्या ‘पीएम श्री’ योजनेच्या वादात तमिळनाडूचा समग्र शिक्षेचा निधी अडला आणि 2025मध्ये ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारांच्या भांडणात मुलांचा हक्काचा पैसा अडकणे चूकच.

शिक्षण हक्क कायद्याने अनुदानावर लक्ष ठेवण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला दिला आहे. पालकहो, आपल्या शाळेच्या समितीत खर्चाचा हिशेब जरूर विचारा.