रुग्णालयाचा फोन कोण उचलणार?

रात्री अकरा वाजता गरोदर बाईला कळा सुरू होतात. नवरा यंत्रमागावर रात्रपाळीला, घरात सासू आणि एक मोबाइल. रुग्णालयाचा नंबर लावला तर तो एकतर व्यस्त असतो किंवा नुसता वाजत राहतो. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ४ लाख ८० हजार वस्तीच्या मालेगावात हे नवल नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये शहर कोरोनाचे मोठे केंद्र बनले आणि घराबाहेर पडणे अवघड झाले, तेव्हा फोनचे मोल सर्वांनाच कळले.

मग रुग्णालये चांगली फोनव्यवस्था का बसवत नाहीत? पूर्वी याचे उत्तर ‘खर्च’ हे होते. एकाच कंपनीचे यंत्र, तिचीच उपकरणे आणि दुरुस्तीला तिचाच माणूस. १९९९ मध्ये अमेरिकेतील मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याला आपल्या छोट्या कंपनीसाठी असे यंत्र परवडेना. त्याने साध्या संगणकावर चालणारे टेलिफोन एक्स्चेंज स्वतःच लिहिले आणि सर्वांना मोफत खुले केले. तेच ‘अॅस्टरिस्क’. ते बसवायला मात्र जाणकार लागे. २००४च्या सुमारास ‘अॅस्टरिस्क अॅट होम’ हा तयार संच आला. संगणकाची मूळ प्रणाली, एक्स्चेंज, कॉलची नोंदवही आणि माउसने चालवता येणारा पडदा, सारे एकत्र. आज ‘फ्रीपीबीएक्स’सारखे संच बेताच्या संगणकावरही काही तासांत सुरू होतात.

यात आवाजाचे आकडे होतात. नेहमीच्या पद्धतीत एका सेकंदात आवाज ८,००० वेळा मोजला जातो. त्या आकड्यांच्या छोट्या पुड्या इंटरनेटवरून जातात आणि पलीकडे त्यांचा पुन्हा आवाज होतो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणे सहज वाटते. तो फार वाढला की दोघे एकदम बोलू लागतात.

वैद्यकीय कामात आणखी एक अडचण येते. साध्या फोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो. ‘स’, ‘फ’ यांसारख्या वर्णांची ओळख बऱ्याच अंशी त्याहून वरच्या कंपनांत असते. त्यामुळे फोनवर सारख्या वाटणाऱ्या शब्दांची गल्लत सहज होते. औषधाचे नाव आणि मात्रा समोरच्याकडून परत म्हणवून घ्यावी, ती याचसाठी.

असा फोन लोकांच्या भाषेत किती उपयोगी पडतो, हे छत्तीसगडमध्ये दिसले. २०१० मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेली ‘सीजीनेट स्वर’ ही सेवा अॅस्टरिस्कवरच उभी राहिली. साध्या मोबाइलवरून गोंडी किंवा हिंदीत आपली अडचण सांगायची आणि इतरांची ऐकायची. लिहिता-वाचता येण्याची अट नाही. पण आलेला प्रत्येक निरोप ऐकून, पडताळून पुढे देणारी माणसे त्यामागे होती.

मालेगावसारख्या ठिकाणी मराठी, उर्दू आणि अहिराणी बोलणारे लोक एकाच खिडकीवर येतात. तिथे रेकॉर्ड केलेली सूचना थोडक्यात हवी आणि प्रसूती-अपघाताचा पर्याय सर्वांत आधी. ठरावीक वेळात फोन उचलला नाही तर तो आपोआप दुसऱ्या कक्षात वाजावा. ही सोय अशा संचात असतेच. मात्र दुसऱ्या कक्षात रात्री कोण बसणार, हे रुग्णालयानेच ठरवायचे असते.

धोकेही आहेत. पासवर्ड सोपा ठेवला की चोर रातोरात परदेशी कॉल करतात आणि बिल रुग्णालयाच्या माथी येते. संच सांभाळणारेच थांबले तर सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही. एकेकाळी गाजलेला ‘ट्रिक्सबॉक्स’ असाच मागे पडला. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्स्चेंजकडूनच वीज मिळे, त्यामुळे घरची वीज गेली तरी तो चाले. इंटरनेटचा फोन मात्र बंद पडतो. म्हणून संगणक, राउटर आणि फोन तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. बाहेरची लाइन परवानाधारक कंपनीचीच घ्यावी. रुग्णाचे बोलणे रेकॉर्ड करायचे तर त्याला आधी सांगावे.

असा संच बसवलेल्या रुग्णालयाने आठवड्यातून एकदा नोंदवही उघडून किती कॉल सुटले आणि कोणत्या वेळी, एवढे तरी पाहावे. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत सुटलेले कॉल जास्त असतील, तर नवे यंत्र घेऊन ते कमी होणार नाहीत. त्या वेळेला फोनपाशी एक माणूस नेमावा लागेल. नागरिकांनीही लक्षात ठेवावे, जिवावरचा प्रसंग असेल तर रुग्णालयाच्या नंबरावर थांबू नये, थेट १०८ लावावा.