दस्तरखानामागचे हात

रमजानचा चंद्र दिसला की आखाती देशांचे घड्याळच बदलते. कार्यालये उशिरा उघडतात, बाजार मध्यरात्रीनंतरही गजबजलेले असतात आणि कायद्याने कामाचे तासही कमी होतात. सौदी अरेबियात मुस्लिम कामगाराला दिवसाला सहा तास, कतारमध्ये आठवड्याला 36 तास, तर संयुक्त अरब अमिरातीत कोणत्याही धर्माच्या कामगाराला रोज दोन तासांची सूट. रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत हे अनेकांना ठाऊक आहे. कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा तिकडेच रोजे धरत असतो.

पण त्याच शहरांत ही सूट ज्यांच्या वाट्याला येत नाही अशी लाखो माणसे आहेत. घरकाम करणारी बाई, स्वयंपाकी, घरचा ड्रायव्हर. आपल्याकडचे लोक याला 'खादिम व्हिसा' म्हणतात. यावर गेलेला माणूस सहसा मूळ कामगार कायद्यात मोडतच नाही. त्याच्यासाठी वेगळे आणि बरेच उशिरा आलेले कायदे आहेत. कुवेतने 2015 मध्ये घरकामगारांचा कायदा केला. त्यात दिवसाला जास्तीत जास्त 12 तास काम, आठवड्याची सुट्टी आणि सेवा संपल्यावर दर वर्षामागे एक महिन्याचा पगार, अशा तरतुदी आहेत. कतारने 2017 मध्ये 10 तासांची मर्यादा घातली. हे काहीच नव्हते त्यापेक्षा नक्कीच बरे.

मात्र रमजानमध्ये कार्यालयाचे काम कमी होते, तेव्हा घराचे वाढते. दुपारपासून इफ्तारची तयारी, मग पाहुणे, रात्री उशिरा 'गबगा' म्हणजे नातेवाइकांसोबतचे जेवण, ते आवरते न आवरते तोच सहेरी. ड्रायव्हरचेही तेच. तरावीहच्या नमाजला सोडा, बाजारात न्या, पहाटे परत आणा. हे तास मोजणार कोण? सरकारी निरीक्षक कारखान्यात जातो, कुणाच्या घरात सहसा शिरत नाही.

आणि तक्रार करायची तरी कुणाविरुद्ध? इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, ज्याच्या नावावर त्याच्याचविरुद्ध! नोकरी आणि देशातले वास्तव्य एकाच माणसाच्या हातात देणारी ही 'कफाला' पद्धत. छळाला कंटाळून घर सोडले, तर कफील 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची नोंद करू शकतो. मग थकलेला पगार राहतो बाजूला आणि पगार मागणाराच बेकायदा ठरतो.

सुधारणा झाल्याच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. कतारने 2018 मध्ये बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट काढली, 2020 मध्ये घरकामगारांनाही ती सवलत दिली आणि त्याच वर्षी नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची गरज संपवली. मार्च 2021 पासून घरकामगारांसह सर्वांना दरमहा किमान 1000 रियाल वेतन ठरले. सौदीनेही 2021 मध्ये नियम सैल केले, पण घरकामगारांना त्यातून वगळले. म्हणजे ज्याला सर्वाधिक गरज, तोच दाराबाहेर.

मला खटकतो तो 'कफील' या शब्दाचा प्रवास. मूळ अर्थ हमी घेणारा, सांभाळ करणारा. हजरत मरियम यांचा सांभाळ हजरत जकरिया यांनी केला, हे कुरआनात याच धातूच्या शब्दाने सांगितले आहे. अनाथाच्या कफीलला प्रेषितांनी जन्नतमध्ये आपल्या सान्निध्याचे वचन दिले. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही त्यांची शिकवण तर मुस्लिमेतर वाचकांनीही ऐकली असेल. पुरेपूर काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, असेही हदीसमध्ये आहे. रोजा ठेवणाऱ्या मालकाला हे कुणी नव्याने सांगायची गरज नसावी.

आपल्या बाजूलाही बघू या. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्यांना आखातासह 18 देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. अशा पासपोर्टवर तीस वर्षांखालील महिलेला ती मिळत नाही. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. प्रत्यक्षात काही एजंट व्हिजिट व्हिसावर माणूस पाठवून हे सगळेच टाळतात. मग करार ई-मायग्रेटवर चढत नाही आणि 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमाही मिळत नाही. त्याचा दोन वर्षांचा हप्ता अवघा 275 रुपये आहे.

ईदनंतर अनेक घरांतून पुन्हा बॅगा भरल्या जातील. बॅग भरण्याआधी व्हिसावर काम काय लिहिले आहे, ते अरबी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावे. कंपनीचा ड्रायव्हर सांगून खादिम व्हिसा हातात ठेवला असेल, तर ते इथे असतानाच कळायला हवे. करार आणि पासपोर्टचे फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्ये ठेवावेत, आणि भारतीय दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून खिशात.